थोरल्याचं नवं कुलूप

४ ऑगस्ट, सोमवार

धनराज सरांनी सकाळी बोलावून घेतलं. म्हणाले, "चैताली, थोरल्याचं कुलूप बदलायचंय. केंद्रांना सूचना काढ. दोन ओळी पुरेत."

थोरला म्हणजे आमच्या महामंडळाचा मेनफ्रेम, मोठा मध्यवर्ती संगणक. खालच्या मजल्यावर काचेच्या खोलीत उभा आहे. तिथे बाराही महिने पौषातली थंडी असते आणि एकसुरी घूं घूं चालू असतं. नाशिक जिल्ह्यातल्या नद्यांवर आमची तेवीस केंद्रं आहेत. प्रत्येक ठिकाणी पाण्यात रोवलेली खुणांची पट्टी, आणि तिच्या शेजारी एक डबा. डबा दर पंधरा मिनिटांनी पाण्याची उंची मोजतो आणि थोरल्याला कळवतो. पाणी धोक्याच्या खुणेवर गेलं, की थोरला इथूनच त्या गावातला भोंगा वाजवतो. लोक सामान उचलून वर जातात. एवढंच त्याचं काम, पण त्यावर गावंच्या गावं बिनघोर झोपतात.

डबा आकडा उघडा पाठवत नाही, सांकेतिक करून पाठवतो. वाटेत कुणी तो वाचू नये, बदलू नये म्हणून. ती जुनी पद्धत आता कच्ची झाली. कुणी खोडसाळ माणूस मध्ये शिरून खोटा आकडा घालू शकेल, असं थोरला बनवणाऱ्या कंपनीचं म्हणणं. म्हणून १७ सप्टेंबरला थोरल्यात नवी आवृत्ती बसणार, आणि त्या दिवसापासून जुन्या पद्धतीने आलेला आकडा तो घेणारच नाही. दारातूनच परत.

दोन ओळी! सरांना काय, सगळंच दोन ओळींत हवं असतं. मला राग आला आणि तो दिवसभर पुरला.

६ ऑगस्ट, बुधवार

सूचना लिहायला घेतली. दुपारी काचेच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून लिहिते. थोरल्याची घूं घूं ऐकत बसलं की माझं असं होतं, डोळे उघडे असतात पण मी कुठेतरी भलतीकडे असते. आज वाटलं, कळवणची गिरणा, सायखेड्याची गोदावरी, कुठले कुठले ओढे, सगळे आकडे होऊन या जिन्यावरून खाली येताहेत, ओल्या पावलांनी. जिना ओला झाला असेल असं वाटून मी खरंच वाकून पाहिलं. शिपाई हसला.

एक वाक्य फार चांगलं जमलंय. "प्रत्येक आकडा हे नदीने आपल्याला लिहिलेलं पत्र आहे, आणि दुसऱ्याचं पत्र कुणी फोडू नये, हा शिष्टाचार जपण्यासाठी हा बदल." स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

८ ऑगस्ट, शुक्रवार

अडीच पानं झाली. कच्च्या पद्धतीचा इतिहास, नव्या पद्धतीची थोरवी, आणि तिसऱ्या परिच्छेदात कार्डाबद्दल. प्रत्येक केंद्राला सूचनेसोबत एक पांढरं कार्ड जाणार आहे. डबा बंद करायचा, मागच्या खाचेतलं जुनं कार्ड काढून हे घालायचं, डबा चालू करायचा, हिरवा दिवा लागला की झालं. हे मी जरा वळणाने लिहिलंय. "सोबतचे कार्ड केंद्रस्तरीय उपकरणात प्रस्थापित झाल्यावर नवे नाते जोडले जाईल." नुसतं 'कार्ड घाला' लिहायचं म्हणजे समोरच्याला अगदीच अडाणी समजल्यासारखं.

सरांनी पानं उलटली, ओठ पुढे काढून मान हलवली आणि सही केली. अडीच पानं त्यांनी अर्ध्या मिनिटात वाचली. वाचनाचा वेग दांडगा आहे सरांचा.

१२ ऑगस्ट, मंगळवार

काल पाकिटं पोचली आणि आज पोच यायला सुरुवात झाली. संगणकावर केंद्रप्रमुखाने आपल्या नावाने शिरायचं आणि 'वाचले, समजले' यावर बोट ठेवायचं, अशी पद्धत आहे.

सगळ्यात आधी निफाड बाजूची पाचही केंद्रं! सायखेडा आणि कालव्यांवरची चार. अकरा बेचाळीस ते अकरा चव्वेचाळीस. दोन मिनिटांत पाचही माणसांनी वाचलं, समजून घेतलं आणि कळवलं. एकही शंका नाही. मी तर हवेतच गेले. गोदाकाठची माणसं, शब्दाची चव असणारच त्यांना.

बाकी अठरा केंद्रांनी मात्र जीव नकोसा केलाय. कळवणच्या संजनाचा फोन तीनदा.

"मॅडम, पाकिटात ते कार्ड आलंय, ते ठेवायचं कुठं?"

"ठेवायचं नाही हो, डब्यात घालायचं. तिसरा परिच्छेद वाचा ना."

"वाचला मॅडम. मस्त लिहिलंय. पण नेमकं कुठल्या खाचेत, ते तुम्हीच सांगा. मी डब्यापाशी उभी हाय."

मग सांगितलं. हिरवा दिवा लागला तशी ती ओरडली, जणू तिच्या घरीच वीज आली. चांगली मुलगी आहे, पण वाचनाचा कंटाळा.

२१ ऑगस्ट, गुरुवार

अठरा केंद्रांचे मिळून एकतीस फोन झाले. प्रत्येकाला तेच. डबा बंद करा, जुनं काढा, नवं घाला, चालू करा. माझा घसा बसला. आईने ज्येष्ठमध दिला आणि म्हणाली, "फोनवरच सांगायचं होतं, तर लिहिलंस कशाला?" आईला कार्यालयीन कामातलं कळत नाही.

निफाडच्या पाच जणांचा अजून एकही फोन नाही. मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला. तेवीसपैकी तेवीस पोच फाइलला लागल्या. सर म्हणाले, "वा!" सर 'वा' क्वचितच म्हणतात.

५ सप्टेंबर, शुक्रवार

विशेष काही नाही. पहाटे स्वप्न पडलं. मी सायखेड्याच्या घाटावर आहे. खरं तर मी सायखेडा पाहिलेलंच नाही. पाणी अगदी स्वच्छ आणि त्यात माझी सूचना वाहत चाललीय, अडीच पानं सुटी सुटी. काठावर एक म्हातारा उभा. तो पानांकडे पाहतो, हात पुढे करत नाही. मी त्याला म्हणते, घ्या ना. तो म्हणतो, भिजतील. एवढंच. जाग आली तेव्हा बरं वाटत होतं, का ते सांगता येणार नाही. गॅलरीतून चामर लेण्यांचा डोंगर अर्धाच दिसत होता, वरचा अर्धा ढगात.

१७ सप्टेंबर, बुधवार

झालं! सकाळी सहा ते आठ थोरला बंद होता. घूं घूं थांबली तेव्हा सगळ्यांनी आपोआप आवाज खाली आणले, आजारी माणसाच्या खोलीत आणतात तसे. आठला तो पुन्हा बोलू लागला, नव्या कुलपासकट. भिंतीवरच्या मोठ्या पाटीवर तेवीस आकडे दिसले. सरांनी पेढे मागवले.

मी पाटीसमोर खूप वेळ उभी राहिले. गिरणा तीन मीटर दहा. गोदावरी, सायखेडा, चार वीस. कुणीही न फोडलेली पत्रं. माझ्यामुळे, असं म्हणायचा मोह झाला, आणि म्हटलंच मनातल्या मनात.

१८ सप्टेंबर, गुरुवार, दुपारचा एक

जेवले आणि वही काढली. दोन दिवस डोंगरात धो धो चाललंय. वरून धरणाचं पाणी सकाळीच सोडलं. नाशकात रामकुंडाकडे लोक पाणी पाहायला गेलेत. पाटीवरचे आकडे सारखे चढताहेत, नियंत्रण कक्षातल्या पोरांना जेवायला फुरसत नाही.

एक गंमत मात्र लिहून ठेवते. सायखेडा कालपासून चार वीसवर आहे. कालव्यांचे आकडे एरवीही हलत नाहीत, पण नद्यांत सगळीकडे नुसती धावाधाव आणि ही तेवढी शांत. नदीला एखाद्या गावाशी आल्यावर थांबावंसं वाटत असेल का? मला वाटतं वाटत असेल. मघापासून मी त्या एका आकड्याकडे पाहत बसलेय, डोळ्यांवर झापड आलीय, सुखाची.

त्याच दिवशी, संध्याकाळी सहा

घाईत लिहितेय, अक्षर घाण येईल.

दीडला फोन वाजला. म्हातारा आवाज, मागे पाण्याचा गोंगाट. "ताई, मी सायखेड्याहून रंगनाथ बोलतोय, पट्टीवाला. केंद्र माझ्याकडं हाय. भोंगा का वाजंना? पाणी पाच साठला टेकलंय."

मी म्हणाले, "काका, इथे तर चार वीस दिसतंय."

"चार वीस काल व्हतं. आज सकाळधरनं चढतंय. मी डोळ्यानं पाहतोय ना ताई!"

धोक्याची खूण पाच पन्नास. केंद्रातून आकडा आलाच नाही, तर पाटीवर शेवटचा आलेला आकडा तसाच राहतो. हे मला माहीत होतं. गेल्या वर्षी ती सूचनाही मीच लिहिली होती. म्हणजे कालपासून थोरला सायखेड्याच्या डब्याला दारातूनच परत पाठवत होता, आणि मी त्याला शांतता म्हणत होते.

"काका, तुम्ही कार्ड नाही घातलं?"

"कंचं कार्ड?"

मी ओरडतच वर धावले. सरांनी हाताने भोंगा लावायला घेतला, पण त्यालाही मंजुरी लागते, मोठ्या साहेबांची, ते बैठकीत. मी पुन्हा काकांना फोन केला. त्यांच्या बायकोने, कुसाबाईंनी उचलला. "ते कवाच गेले खालच्या आळीला, दारं ठोकीत. फोन माझ्याकडं फेकला अन् पळाले. लय पाणी हाय वो ताई."

भोंगा एक वाजून त्रेपन्न मिनिटांनी वाजला. फोनवरून मी तो ऐकला. खालच्या आळीत चौतीस घरं आहेत. तोपर्यंत एकोणतीस घरं काकांनी नुसत्या हाका मारून रिकामी केली होती. तिसाव्या घराच्या पायरीवर शेवाळावरून पाय सरकला आणि ते पडले. उरलेली पाच घरं भोंग्याने बाहेर निघाली. माणूस एकही गेला नाही. काकांच्या नडगीचं हाड मोडलं.

माणूस एकही गेला नाही. हे मी पुन्हा लिहितेय, कारण पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतंय.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

निफाडच्या उपविभागात शेखर म्हणून कारकून आहे. सरांनी आणि मी त्याला फोन केला. बिचारा रडकुंडीला आला होता.

"सर, पाचही केंद्रांची पोच मीच देतो. दर वेळी. काका लोकांना ते संगणकाचं जमत नाही, उगाच निफाडपर्यंत हेलपाटा नको म्हणून. त्यांचे पासवर्ड माझ्या वहीत आहेत."

"आणि कार्डं?"

"कपाटात आहेत सर. पाचही पाकिटं इथे उपविभागातच येतात. महत्त्वाची दिसली म्हणून कुलपात ठेवली जपून."

"तू सूचना वाचली नाहीस?"

"वाचली ना सर! दोनदा वाचली. छान होती. मला वाटलं, थोरल्याचंच काहीतरी आहे, आपल्याला नुसती माहिती दिलीय."

सरांनी फोन ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही. मी तेवीस पोचांची फाइल उघडली. अकरा बेचाळीस, अकरा बेचाळीस, अकरा त्रेचाळीस, अकरा त्रेचाळीस, अकरा चव्वेचाळीस. एक माणूस वहीत बघून पाच वेळा आत शिरायला लागतो तेवढाच हा वेळ. हे मला महिन्यापूर्वी दिसायला हवं होतं. मला माझं कौतुक दिसलं.

२२ सप्टेंबर, सोमवार

चौकशी लागली. मेमोचा मसुदा झाला तो रंगनाथ काकांच्या नावाने. 'सूचना वाचल्याची व समजल्याची पोच देऊनही कार्यवाही न केल्यामुळे.' डिसेंबरात ते निवृत्त होणार. सव्वीस वर्षं त्या पट्टीवर काढली आणि आता सेवापुस्तकाच्या शेवटच्या पानावर ठपका.

मी सरांना म्हटलं, "सर, पोच त्यांनी दिलीच नव्हती."

सर म्हणाले, "मग शेखरची नोकरी जाईल. लहान पोरं आहेत त्याला. काकांचं काय, तीन महिने राहिलेत, ठपक्याने त्यांचं काही बिघडत नाही. आणि आपलं विचारशील तर आपण सूचना दिली होती. फाइल चोख आहे."

फाइल खरंच चोख आहे. त्या वाक्याने मला गार वाटलं, आणि गार वाटल्याची लाज वाटली. दोन्ही लिहून ठेवते.

२४ सप्टेंबर, बुधवार

रजा टाकून सायखेड्याला गेले. एसटी चांदोरीवरून वळली आणि गोदावरी दिसली. पाणी उतरलं होतं, पण काठच्या मक्यावर गाळ सुकून पांढरा पडला होता. ऊन मऊ होतं. गावात सगळं हळू चाललं होतं. बायका गोधड्या वाळत घालत होत्या, कुणी बोलत नव्हतं, नुसता ओल्या मातीचा वास. मी त्या वासातून चालत गेले आणि मला माझ्याच पावलांचा आवाज येईना.

काका ओट्यावर खाटेवर बसलेले, पाय प्लास्टरमध्ये. माझ्या स्वप्नातला म्हातारा अजिबात नव्हता. हे ठेंगणे, गोल चेहऱ्याचे, मिश्किल. मी कोण ते सांगितलं. म्हटलं काही बोलतील. ते कुसाबाईंना म्हणाले, "अगं, त्या दिवशीच्या फोनवाल्या ताई. चहा टाक."

मी मेमोचं काढलं. त्यांनी हात हलवला, पण चेहरा उतरला. "सव्वीस वर्सांत एक दिवस पट्टी चुकवली नाय ताई. पोरीच्या लग्नादिवशीबी सकाळी जाऊन आलो. आता कागदावर लिवणार का रंगनाथनं ध्यान दिलं नाय. ते तेवढं टोचतंय." मग म्हणाले, "मला एक सांगा. ती सूचना काय व्हती? मी पाह्यलीच नाय. वाचून दाखवा ना."

ती माझ्या पिशवीत होती. मी वाचायला लागले. माझा आवाज चांगला लागला होता. काकांनी डोळे मिटले. कुसाबाई चहाचा कप हातात तसाच धरून दाराशी उभ्या राहिल्या. पत्रं फोडू नयेत ते वाक्य आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "लय गोड वाचता तुम्ही." मी कार्डाच्या परिच्छेदावरून पुढे गेले, शेवटचं पान संपवलं. समोर नदी मंद चमकत होती. क्षणभर मला वाटलं, सगळं ठीक आहे.

काकांनी डोळे उघडले. अगदी अदबीने, मला वाईट वाटू नये अशा बेताने विचारलं, "छान हाय. मग मी करायचं काय व्हतं?"

मी म्हणाले, "डबा बंद करायचा. मागचं जुनं कार्ड काढून पांढरं घालायचं. चालू करायचा. हिरवा दिवा लागला की झालं."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी नदीकडे पाहिलं. म्हणाले, "एवढं तर मी चहा निवायच्या आत केलं असतं."

मला रडू आलं. कुसाबाईंनी पदराने माझं तोंड पुसलं, मी लहान असल्यासारखं. त्यांच्या घरात गुडघाभर पाणी आलं होतं. भिंतीवर ओलीची रेघ अजून होती.

३० सप्टेंबर, मंगळवार

उद्या चौकशी समिती नाशिकला येतेय. मी माझं निवेदन लिहिलं, तीन पानं. पोच देण्याची पद्धत, पाटीचा दोष, कंपनीने ऐन पावसाळ्यातली तारीख दिली तो प्रश्न. सगळं खरं आहे. वाचलं तर त्यात मी कुठेच सापडले नाही. मग नवं पान घेतलं. खिडकीतून उन्हाचा तुकडा टेबलावरून सरकत गेला, जमिनीवर उतरला, विझला. पान कोरंच.

१ ऑक्टोबर, बुधवार

तीन साहेब होते, बाजूला धनराज सर आणि टंकायला एक लेखनिक. खोलीत पंखा फिरत होता आणि खालून थोरल्याची घूं घूं जमिनीतून तळपायांना लागत होती. टेबलावर माझी चोख फाइल आणि तिच्यावर काकांचा मेमो, सहीसाठी तयार.

मधल्या साहेबांनी विचारलं, "सायखेडा केंद्राला बदलाची सूचना दिली होती, बरोबर?"

उत्तर फाइलमध्ये होतं. सरांनी मान डोलवून ठेवली होती, माझ्यासाठी. तीन पानी निवेदन पर्समध्ये होतं, मी पर्सला हात लावला नाही.

"नाही," मी म्हणाले.

"म्हणजे? हे अडीच पानी काय आहे मग?"

"ते मी लिहिलं. त्यात काय करायचं ते कुणालाच कळत नाही. ज्या अठरा केंद्रांनी कार्ड घातलं, त्यांना मी फोनवर तोंडी सांगितलं होतं. ज्यांनी फोन केला नाही, त्यांना मी विचारलं नाही. पोच रंगनाथ काकांनी दिलेली नाही, शेखरने दिली, काकांचा हेलपाटा वाचावा म्हणून. पण त्याला सूचना समजली असती, तर त्याने कार्डंही त्याच दिवशी पोचवली असती. सूचना समजेल अशी लिहिणं हे माझं काम होतं."

सर खुर्चीत हलले. लेखनिक टंकायचा थांबला. "पुढे, मॅडम?"

"पुढे काही नाही. एवढंच."

साहेबांनी माझी अडीच पानं उचलली आणि वाचायला लागले. या वेळी कुणीतरी खरंच वाचत होतं, ओळीवर बोट ठेवून. दुसऱ्या पानाच्या मध्यावर त्यांनी मागे जाऊन पुन्हा वाचलं. तिसऱ्या पानावर चष्मा काढला. मग मेमो पुढे ओढला, त्यावरचं रंगनाथ काकांचं नाव एका रेघेने खोडलं आणि पेन तसंच धरून मला माझं पूर्ण नाव विचारलं.

मी सांगितलं.